जवसाच्या तेलातला देव

सोयाबीन सोंगायला आलं की माझ्या नाकात जवसाच्या तेलाचा वास भरतो. आमच्या शिवारात आता जवस कुणी पेरत नाही, वाटीभर तेल हवं असलं तर घाण्यावर जाऊन उभं राहावं लागतं. तरी आश्विनातलं ऊन जरा तिरपं झालं, थ्रेशरची धूळ गावावर चढली, की तो वास येतोच. यंदाही आला. मी सोयाबीनच्या पोत्यांची, कट्ट्यांची थप्पी सोडून घरात गेलो, देवघराच्या कोपऱ्यात पाहिलं. कोपरा रिकामा. भिंतीवर फक्त माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा तेलाचा डाग. चुन्याचे तीन हात दिले, तरी तो वर येतो.

पुढं जाण्याआधी एक सांगून ठेवतो. जानेफळच्या अलीकडं-पलीकडं, आमच्या पाच-सात गावांत माझ्या बोलण्याला चाराने भागायची रीत आहे. मी म्हटलं, बांधावर बारा फुटांची धामण आडवी गेली, की ऐकणारा मनात तीन फूट धरतो आणि पुढचा घोट घेतो. मी म्हटलं, लोणारच्या उन्हात एकदा माझी सावली वितळली होती, तर लोक म्हणतात, म्हणजे चप्पल चिकटली असंल. मला याचा राग नाही. मीही सांगताना चाराने गुणूनच सांगतो, म्हणजे शेवटी बरोबर माप पोचतं. तुम्हीही भागत चला. जिथं भागायचं नाही तिथं मी सांगेन.

तर त्या कोपऱ्यात आमच्या घरची देवाची काठी उभी असायची. काठी म्हणायची पद्धत, पण जाडी बैलाच्या मानेएवढी, कारण तिच्यावर कापडाचे थर होते. दर खंडेनवमीला आम्ही विळे, खुरपी, कुऱ्हाड, वखराची पास, तिफणीचे फण धुऊनपुसून ओळीनं मांडायचो, झेंडू वाहायचो. मग माय त्या काठीला एक नवं कापड गुंडाळायची आणि बुडाशी वाटीभर जवसाचं तेल हळूहळू जिरवायची. पुरुषानं हात लावायचा नाही. कापड कधी सोडायचं नाही. कोणता देव, हे कुणी विचारलं नाही. घरातल्या देवाचं नाव विचारणं म्हणजे जेवायला बसलेल्या पाहुण्याला कधी जाता म्हणून विचारण्यासारखं.

आणि ती काठी असल्यामुळं माय कुठं जायची नाही. मायचं माहेर मोताळ्याकडं, रोहिणखेडला. तिचा भाऊ, आमचा मामा, दर नवरात्रात सांगावा धाडायचा. आधी पोस्टकार्ड, मग शेजाऱ्याचा फोन, मग मोबाईल. "बाई, येतं काय औंदा? राह्य आठ दिवस." माय म्हणायची, "पाहू." या 'पाहू'चा अर्थ रोहिणखेडपासून आमच्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. लग्नाला गेली तर अक्षता पडल्या की निघायची. स्वतःची आई गेली तेव्हा सकाळी गेली, दिवेलागणीला परत. गुरं आहेत, दिवाबत्ती आहे, देव एकटा आहे. मी ही गोष्ट पारावर रंगवून सांगायचो : आमच्या मायनं जन्मात एक रात्र घराबाहेर काढली नाही! लोक भागून बारा वर्षं धरायचे.

तीन वर्षांमागं, पितृपक्षात. सोयाबीन सोंगून गंजी लावलेली, आणि परतीचा पाऊस दररोज दुपारी चारला हजेरी लावणारा, जसा काही रोजंदारीवर आहे. आमची पूनम पोलीस भरतीत निवडली गेली होती. बुलढाण्यात खोली करून राहायची, पहाटे घाटाच्या रस्त्यावर धावायची. असं धावायची की घाटातली माकडं बाजूला होऊन बसायची. मैदान झालं, लेखी झालं, यादीत नाव आलं. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. म्हणजे ठाण्यातला माणूस गावात येणार, घर पाहणार, बापाचं, आजाचं काही काळंबेरं आहे का ते विचारणार, आणि कागद पाठवणार. एवढं झालं की पोरगी वर्दीत. मी ही बातमी चाराने न गुणता सांगितली, तरी गावानं भागून होमगार्ड धरलं.

त्या दुपारी माय शेजारी पितर जेवायला गेली होती. पत्र्याच्या खिळ्यातून धार लागली आणि नेमकी काठीवर. कापडं भिजली, कुंकवाचे लाल ओघळ भिंतीवर आले. मला वाटलं, माय यायच्या आत वरचे दोन थर सोडावे, वाळवावे, पुन्हा गुंडाळावे. देवालाही ओलं राहणं बरं नसेल.

वरचे दोन थर सोडले, खालचे ओले. चार सोडले, तेही ओले. आणि मग, मंडळी, माझे हात थांबेचनात. कारण कापडांतून वर्षं निघत होती. वर पॉलिस्टरचे चकाकते ब्लाऊजपीस, मागच्या पाच-सात वर्षांचे, लग्नांत फुकट मिळतात तसले. खाली पूनमच्या बारशाची झालर. त्याखाली माझ्या लग्नातला पिवळा फेटा, जो मी हरवला म्हणून मेव्हण्यांवर आळ घेतला होता. मग बाप गेला त्या वर्षीचा त्याचाच धोतराचा तुकडा. मग एका कोरड्या सालची नुसती सुतळी, त्या वर्षी कापड घ्यायची सोय नव्हती. मग बहिणीच्या परकराचा काठ. मग नायलॉन, मग टेरिकॉट, मग खण, मग जाडभरडी खादी. शंभर थर होते. बरं, पन्नास. माय म्हणते सत्तेचाळीस. घरभर कापडं पसरली आणि मी मध्ये बसलेलो. माझं सगळं आयुष्य उलट्या क्रमानं जमिनीवर.

शेवटी गोणपाट. तेल पिऊन पिऊन कातड्यासारखं झालेलं. ते उलगडलं आणि हाताला लाकूड लागलं.

काय लाकूड होतं ते! काकवीचा रंग. आत धुरासारख्या काळ्या रेघा, वळत वळत वर जाणाऱ्या. पैनगंगेच्या पाण्यात संध्याकाळ पडावी तशा. मुठीच्या जागी बारीक चौकटी कोरलेल्या. एका बाजूला किंचित खोलगट, कुणाचा तरी गाल वर्षानुवर्षं टेकून झिजलेला. मी त्या खोलगट जागेवरून अंगठा फिरवला, आणि तेवढ्यात लाकडाच्या पुढं नजर गेली. लोखंड होतं. मेणात थापलेली लांब नळी. बाजूला बोंडासारखा दांडा, जो वर उचलून मागं ओढायचा. मी ओढला. पहिल्यांदा अडला, मग खटकन् मागं आला. इतका सुबक आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. आमच्या घरात सगळ्या वस्तू करकरतात. आत गोळी नव्हती. माझ्या छातीत मात्र होती.

माझी बायको सुनंदा भिजलेलं वाळवण घेऊन दारात आली. तिनं कापडं पाहिली, मला पाहिलं, मग माझ्या मांडीवर पाहिलं.

"अवं मा माय! देवाले नळी काऊन हाये?"

"हळू बोल."

"देव हाये का बंदूक हाये?"

"सकाळपर्यंत देव होता."

तिनं वाळवण तसंच खाली टाकलं. पहिला शब्द माझ्या नावाचा नव्हता, देवाचाही नव्हता. म्हणाली, "पूनमचं कसं व्हईन वो?"

आता ही बंदूक कुणाची, हे मला त्या क्षणी कळलं, कारण तिची गोष्ट मीच तीस वर्षं सांगत होतो. माझे आजोबा, आबाजी, यांच्याकडे पिकं राखायला परवान्याची रायफल होती. बदली होऊन जाणाऱ्या कुठल्याशा रेंजर साहेबाकडून घेतलेली. रानडुकरं तिचा आवाज ओळखायची. मग एका वर्षी सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करा असा हुकूम निघाला, आणि त्याच आठवड्यात पैनगंगेला पूर आला. बंदूक जमा करायला निघालेल्या आबाजींची बैलगाडी पुरात उलटली. बैल वाचले, आबाजी वाचले, बंदूक गेली. पारावर मी यात भर घालायचो की वाहता वाहता बंदुकीनं एक मगर मारली. लोक मगर वगळून पूर ठेवायचे. मीही. माझ्या साऱ्या गोष्टींत तेवढी एक खरी आहे असं मला वाटायचं. निघालं उलटंच. मगर एक वेळ असेल, गाडी काही बुडाली नव्हती.

आबाजींनी सरकारला एक गोष्ट सांगितली आणि आमचं घर पुढं अर्धं शतक त्या गोष्टीत राहायला गेलं. आणि काय अक्कल! लाकडाला जवसाच्या तेलाइतकं दुसरं काही मानवत नाही, हे कुठलाही सुतार सांगेल. वर्षाला एक वाटी, बुडाशी, लाकडाच्या बाजूनं. लोखंडाला मेण. वर नवं कापड, म्हणजे हवा लागत नाही. बंदुकीच्या एका लाकडी दस्त्याच्या देखभालीसाठी म्हाताऱ्यानं अख्खा धर्म काढला होता, उपास सोडून सगळं त्यात होतं.

मायचा आवाज गल्लीत आला. आम्ही नवरा-बायको जे काही गुंडाळलं म्हणता! थर मागं-पुढं झाले, फेटा खाली गेला, सुतळी वर आली. काठी कोपऱ्यात उभी केली, कुंकू फासलं, आणि पाहतो तर खाली एक कापड उरलेलं. हिरवा खण. मोटार खोलून बसवल्यावर मेकॅनिककडं एक नट उरतो तसा. मी तो बंडीच्या खिशात कोंबला. माय आत आली, काठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, म्हणाली, "पाऊस लय झाला काय घरात?" आणि चुलीकडं गेली.

त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंतचे जे वीस-बावीस दिवस गेले, ते मी आजही मनातून बाहेर काढू शकत नाही. घर तेच, दार उघडं, पण मला कुणी कोठीत घालून वरून कडी लावल्यासारखं. ठेवावी तर बिनपरवान्याचं हत्यार घरात. नेऊन द्यावी तर पहिला प्रश्न : इतकी वर्षं कुठं होती? आणि पडताळणीचा कागद नेमका त्याच ठाण्यातून जाणार. लपवावी म्हटलं तर मी तीन जागा पाहून आलो. कुटाराच्या, भुशाच्या ढिगात ठेवली तर बैल उकरतात. गोठ्यात पुरली तर ओल येते, आणि मला, खरं सांगतो, त्या लाकडाला ओल लागायची कल्पनाच सहन होईना. जिच्यामुळं पोरीची वर्दी जाणार होती तिच्याच दस्त्याची मला काळजी! विहिरीच्या काठावर दोनदा जाऊन आलो. पाणी माझ्याकडं बघायचं, मी पाण्याकडं.

आणि सगळ्यांत मोठा कोंडमारा तोंडाचा. जन्मभर मी नसलेलं सांगितलं, आणि आता जिल्ह्यातली सगळ्यांत भारी खरी गोष्ट माझ्या घराच्या कोपऱ्यात उभी, अन् ओठ शिवलेले. पारावर बसलो तर घशाशी यायची. चहाबरोबर गिळायचो. चार दिवसांत लोक काळजीत पडले.

"काऊन गा भाऊ, आज बोलून नाही राह्यला?"

"घसा बसला."

"घसा बसला तरी तू हातानं सांगत व्हता बे! दवाखान्यात दाखव."

कुणी म्हणालं, याला जिभेचं काहीतरी निघालं. कुणी म्हणालं, याला मौनाचा नवस आहे. गावाला माझ्या शांततेशिवाय दुसरं काही ऐकूच येईना, इतकी मोठी होती ती.

मग जमादार आला. पडताळणीचा. पोटानं गोल, मिशीनं सरळ. आधी पारावर चौकशी करून आला होता, कारण आल्या आल्या म्हणाला, "गावात चांगलं नाव हाये तुमचं. फक्त बोलणं चाराने भागून घ्या म्हणतात." खुर्ची टाकली, ती नेमकी काठीच्या शेजारी. जागा दुसरी नव्हतीच. चहा आला. चहा घेता घेता त्यानं काठीला हात जोडले.

"कोनता देव?"

"घरचा."

"पावते काय?"

एरवी या प्रश्नावर मी त्याला दोन तास बसवून ठेवलं असतं. त्या दिवशी मी नुसता साखरेचा डबा पुढं केला. त्यानं बोटानं काठीचं कुंकू उचललं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं. मी घामानं असा भिजलो की बंडीच्या खिशातला हिरवा खणही ओला झाला असेल.

"बरं, एक रकाना भरावा लागते," तो कागद काढत म्हणाला. "घरात काही हत्यार-बित्यार?"

माझं तोंड उघडलं. काय बाहेर येणार होतं ते मला आजही माहीत नाही. तेवढ्यात आतून माय म्हणाली, "तीन विळे, एक कुऱ्हाड, अन् याची जीभ."

जमादार इतका हसला की चहा बशीत सांडला. हसत हसत त्यानं रकान्यात लिहिलं : निरंक.

तो गेल्यावर मी मायकडं पाहत बसलो. किती भोळी ही, मनात आलं. हिच्या देवाच्या पोटात काय आहे हे हिला ठाऊक नाही, आणि हिच्या भोळेपणानं वेळ निभावली. पण सुटलो असं वाटेना. आधी खोटं फक्त कोपऱ्यात उभं होतं. आता ते पूनमच्या फायलीत जाऊन बसलं.

घटस्थापनेला पूनम गावी आली. मी तिला वावरात नेलं, तुरीच्या ओळींत, जिथं फक्त व्होले, रानातली कबुतरं, ऐकतात. सगळं सांगितलं. तिनं हातातला विळा खाली ठेवला.

"बाबा, गुणून सांगून राह्यले का भागून?"

"औंदा तेवढंच आहे, बाई. जेवढ्याला तेवढं."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विश्वास ठेवला. जन्मात पहिल्यांदा कुणी माझं बोलणं न भागता घेतलं, आणि मला वाटलं, हिनं तरी भागायला पाहिजे होतं.

"विहिरीत टाकतो," मी म्हणालो.

"विहीर उन्हाळ्यात आटते, बाबा."

"मग गाळात पुरतो."

"मंग दर उन्हाळ्यात मी तिकडं कुठं तरी बंदोबस्तात उभी राहीन अन् विचार करत राहीन, गाळ काढाले कोनी उतरलं तं नसंन? तुम्ही तं इथंच राहसान, विहिरीच्या काठावर. आपण दोघंही अटकलो." तिनं तुरीचं एक पान खुडलं. "जमादारानं निरंक लिहिलं ना? त्याच फॉर्मवर माही सही हाये, भरतीच्या वक्ताची. देऊन टाकू. नोकरी गेली तं गेली."

शेवटचं वाक्य ती अगदी हलक्यानं बोलली आणि लगेच विळा उचलून धुऱ्यावरचं गवत कापायला लागली. भराभरा. तीन वर्षं पहाटे उठून धावलेली पोरगी. मी तिच्या पाठीकडं पाहत उभा. तिची पाठ हलत होती, ते कापण्यानं की कशानं, मी विचारलं नाही.

राहिली माय. तिचा देव तिच्यापासून काढून ठाण्यात कसा द्यायचा? खंडेनवमीला सकाळी हत्यारं मांडली. माय वाटीत जवसाचं तेल घेऊन काठीपुढं बसली. मी तिच्या मागं उभा, सुनंदा दारात, पूनम उंबऱ्यावर. मी म्हणालो, "माय, एक सांगायचं आहे."

मागं न पाहता तिनं हात पुढं केला. "सांगाच्या अगुदर तो हिरवा खण दे."

माझा हात खिशावर गेला.

"अडतीस थरांखाली व्हता तो," माय म्हणाली. "भावाच्या लग्नात माह्या मायनं ओटीत घातला. रात्रभर राह्य म्हणत व्हती. राह्यले नाही. खण आणला अन् इथं गुंडाळला. तुले काय वाटलं, मले समजत नाही?"

"तुला... माहीत होतं?"

"माह्या डोयापुढं बांधली तुह्या आबानं. तू कडेवर व्हता माह्या. म्हणे, सूनबाई, बाईच्या देवाले पोलीस हात लावत नाही. आता हे तुह्या हाती. मी बावीस-तेवीस वर्साची. काय बोलू सासऱ्याले? तो गेला मरून. मी राह्यले."

"बापाला?"

"त्याले कायले सांगू? त्याची जीभ तुह्यावानीच."

"मग मला तरी..."

"तुले?" आता ती वळली. "तुले सांगतलं असतं तं तू एका बंदुकीची चार तोफा करून सांगतल्या असत्या बे! अन् लोकायनं चाराने भागून बरोबर एक धरली असती!"

सुनंदा हसली, पूनम हसली, मीही हसलो, आणि हसता हसता मला ते दिसलं. रोहिणखेडची पोस्टकार्डं. अक्षता पडल्याबरोबर निघणं. आईच्या मातीवरून त्याच संध्याकाळी परतणं. ती देवाला सोडून जात नव्हती असं आम्ही समजत होतो. ती राखण करत होती. मी वीस दिवस कोंडला गेलो तर गावाला माझ्या जिभेचा आजार दिसला. ही सत्तेचाळीस वर्षं आत होती, आणि आम्हाला भक्ती दिसली. दर खंडेनवमीला ती एक थर चढवायची, तो कापडाचा नव्हताच.

पूनम तिच्याजवळ जाऊन बसली. "आजी, उद्या देऊन टाकू."

मायनं वाटीतलं तेल पाहिलं. मग ते विळ्यांवर घातलं, कुऱ्हाडीवर घातलं, काठीला घातलं नाही. म्हणाली, "हे तुह्या नोकरीवर येईन, पोरी."

"येऊ दे."

दसऱ्याला ठाण्यातही शस्त्रपूजा असते. टेबलावर चादर, चादरीवर ओळीनं बंदुका, त्यांना झेंडूच्या माळा. आम्ही तिघं ऑटोतून उतरलो. काठी मायच्या मांडीवर, बाळ धरावं तशी. ऑटोवाल्यानं उतरताना तिच्या पाया पडून घेतलं होतं, मायच्या की काठीच्या, माहीत नाही. पूनमनं मला बजावलं होतं : "बाबा, एकच वाक्य." तोच जमादार पुढं आला. मी एकच वाक्य म्हणालो, "साहेब, ही आमच्या आबाजींची रायफल, घरात होती, जमा करायला आणली."

जमादारानं चाराने भागलं. "छऱ्याची असंल," म्हणाला आणि थर सोडायला बसला. सोडता सोडता हसणं थांबलं. गोणपाट उघडल्यावर हात थांबला. त्याच हातानं त्यानं स्वतःच्या कपाळाला चाचपून पाहिलं. मग ठाणेदार आले. सगळं ऐकलं, कुठं कुठं फोन केले, आणि म्हणाले, "जुन्या नोंदीत तर ही पुरात वाहून गेलीय. मग काय, पोहत आली?"

मला उत्तर येत होतं. फार सुंदर उत्तर येत होतं. गिळलं.

माय पुढं झाली. "सासऱ्यानं ठेवली, मी सांभाळली. जे लिहाचं ते माह्या नावावर लिहा. पोरीचं नाव यात येऊ देऊ नका."

"तसं कसं, आजी? जसं आहे तसं लिहावं लागेल." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं घरात ठेवताना भीती नाही वाटली?"

"वाटत व्हती ना," माय म्हणाली. "म्हणून तं पूजा केली."

पंचनाम्यावर मी चव्वेचाळीस सह्या केल्या. भागून घ्या. जमादारानं वर्णन लिहिलं, दस्ता अक्रोडाचा, उत्तम स्थितीत. लिहून झाल्यावर, कुणी पाहत नाही असं बघून, त्यानं अंगठा एकदा त्या खोलगट जागेवरून फिरवला. मला त्याचा राग आला नाही. माझाही अंगठा तिथंच गेला होता.

त्याच संध्याकाळी आपट्याची पानं देऊन-घेऊन झाली, आणि माय एका पिशवीत दोन लुगडी भरून ओट्यावर येऊन बसली. "उद्या सकाळी मले रोहिणखेडले नेऊन दे." मी विचारलं, परत कधी घ्यायला येऊ? तिनं असं पाहिलं, जसा काही मी परक्या भाषेत बोललो.

पुढचा हिवाळा जड गेला. पूनमची फाईल अडकली ती अडकलीच. बरोबरच्या पोरी ट्रेनिंगला गेल्या. ही रोज पहाटे उठून आमच्याच पांदणीनं धावायची, कशासाठी ते कुणी विचारायचं नाही. माझे बुलढाण्याला इतके खेटे झाले की घाटातली माकडं आता मला ओळखतात. होळी होऊन गेल्यावर पत्र आलं. पूनमनं ते उभ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि धावायला गेली, भर दुपारी, उन्हात. मायचं प्रकरण पुढं वर्षभर चाललं. तिचं वय आणि स्वतः होऊन आणलेली बंदूक, हे पाहून कोर्टानं तिला सोडून दिलं. बंदूक कुठं आहे, मला माहीत नाही. तिला आता तेल कोण लावत असेल, हा विचार मात्र आश्विनात येतो. येऊ नये, पण येतो.

आणि सांगू का? ही सगळी गोष्ट मी पारावर सांगितली. काही न घालता, काही न गुणता, निरंकसकट. लोकांनी शांतपणे ऐकली, चाराने भागली, आणि आमच्या घरी एक जुनी बेचकी सापडली होती असं आता तालुक्यात सगळे मानतात.

परवा खंडेनवमी झाली. मी एकट्यानंच विळे मांडले, तेल लावलं. पूनम वर्दीत, कुठल्याशा लांबच्या जिल्ह्यात बंदोबस्ताला. माय घटस्थापनेपासून रोहिणखेडला. हिरवा खण तिथल्या शिंप्याकडून शिवून घेतलाय म्हणे, आणि दररोज सकाळी मामाला घेऊन गावभर फिरते, चाळीस घरी चहा पिते. इथं भागू नका, मामा स्वतः सांगत होता.

मी फोन लावला. मागं बायकांचा गलका, हसणं, भांडी.

"माय, सोयाबीन झालं. कधी येतं?"

पलीकडं तिनं कुणाला तरी काहीतरी सांगितलं, कुणी तरी खदखदून हसलं. मग फोनवर आली आणि म्हणाली, "पाहू."